आधी कपडा उलटा करून बघ

ऐरोलीला राहणाऱ्या, बारावी होऊन निफ्टच्या (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीने विचारलं आहे: क्लासमध्ये भारतातल्या आघाडीच्या फॅशन डिझायनरांची यादी पाठ करायला दिली आहे, पण मला सगळ्यांचे लेहेंगे सारखेच दिसतात. अभ्यास कोणाचा करू आणि त्यात नेमकं काय बघू?

सगळे सारखे दिसतात ही तुझी तक्रार रास्त आहे. फोनवर येतो तो समोरून काढलेला फोटो. त्यात नवरी, दागिने, मागे एखादा राजवाडा आणि वरचं भरतकाम एवढंच दिसतं. कापडाचा पोत कळत नाही, उभा धागा कुठल्या दिशेने धरलाय ते कळत नाही, आतल्या अस्तराचा तर पत्ताच नसतो. आणि एका डिझायनरचं काम दुसऱ्याहून वेगळं ठरतं ते नेमकं तिथे. नौपाड्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये नवीन मुलगी शिकायला आली की तिला पहिल्या दिवशी मी हेच सांगते: आधी कपडा उलटा कर.

लग्नसराईत आमच्याकडे मोठमोठ्या लेबलांचे कपडे फिटिंगला येतात. नवरी बारीक झालेली असते, नाहीतर थोरलीचा लेहेंगा धाकटीला बसवायचा असतो. मध्यंतरी एक आला होता. घेर दांडगा, वर गच्च जरदोजी म्हणजे जरीचं भरतकाम, नुसता उचलला तरी मनगट भरून यावं. पण ग्राहक म्हणाली, अंगावर वजन जाणवत नाही. उलटा केला तेव्हा कारण दिसलं. कमरेला चांगली रुंद पट्टी, आत दुहेरी कॅनव्हास, सगळ्या कळ्यांचा, म्हणजे घेर बनवणाऱ्या उभ्या तुकड्यांचा, भार त्या पट्टीवर तोललेला. नाडी फक्त नावाला. प्रत्येक कळीच्या शिवणीला दोन्ही बाजूंनी दीड बोट मार्जिन सोडलेलं आणि भरतकाम शिवणीच्या अलीकडेच थांबवलेलं, म्हणजे उद्या सैल करायचं झालं तर जरीचा धागा न तोडता उसवता येईल. अस्तर वरच्या कापडापेक्षा किंचित आखूड, खालून सुटं, हाताने तुरपलेलं. बाजारातल्या नकलेत वरची नक्षी हुबेहूब असते, पण या ठिकाणी हात आखडलेला असतो. मग नवरी रिसेप्शनभर कंबर सावरत उभी राहते.

आता नावं. तुझ्या यादीत बहुधा नसलेल्या नावापासून सुरू करते, कारण क्लासवाले 'ते सिनेमाचं' म्हणून ते सोडून देतात. भानू अथैया. कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकार. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाबरोबर त्यांची चित्रं प्रदर्शनात लागली होती. पुढे त्या कपड्यांकडे वळल्या आणि 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती आपल्या कोल्हापूरची, एवढं सांगून लोक थांबतात. तू त्यापुढे जा. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. त्या चित्रांतल्या कपड्याला बेत (मापाने कापणं) नाही, शिवण नाही. नुसतं गुंडाळलेलं, गाठ मारलेलं वस्त्र आहे. ते नाचणाऱ्या नटीच्या अंगावर टिकेल असं करायचं, हा खास कपडे करणाऱ्याचा प्रश्न. 'ब्रह्मचारी'मधली मुमताजची ती नारिंगी, अंगासरशी बसलेली साडी आठव (आईला विचार, तिला नक्की आठवेल). ती आधीच शिवलेली होती, तिला चेन होती. आज 'रेडी-टू-वेअर साडी' म्हणून जे विकतात, त्याचं उत्तर १९६८ मध्ये पडद्यावर दिलेलं आहे.

'गांधी'त तर याहून अवघड काम होतं. एकाच माणसाचे बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचे कपडे, आणि भोवती अनेक दशकांतली, नाना प्रांतांतली, जातीपातींतली माणसं. हजारो लोकांच्या गर्दीत एखाद्याचं धोतर चुकीच्या पद्धतीने नेसलेलं दिसलं तर सगळं दृश्य खोटं पडतं. धोतर, पंचा, मुंडासं, पागोटं यांतला फरक ज्याला घरात बघून माहीत आहे तोच हे करू शकतो. परीक्षेत 'तुमचा आवडता डिझायनर' विचारलं तर शंभरातल्या नव्वद मुली एकच नाव सांगणार. तू भानूताईंचं सांग, आणि का ते सांग.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर नीता लुल्लांचा 'बालगंधर्व' बघून ठेव. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरुषाच्या खांद्यावर नऊवारी आणि शालू बाईसारखा दिसायचा तर चोळीचा मुंढा (बाही जोडायची गोलाई), खांद्याची उतरण, पदराची जागा हे सगळं बदलावं लागतं. प्रत्येक फ्रेम थांबवून बघण्यासारखी आहे. मनीष मल्होत्रांचं नाव घेतल्याशिवाय तुझे क्लासवाले गप्प बसणार नाहीत. त्यांनी फॅशनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. १९९५ च्या 'रंगीला'त त्यांनी नायिकेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका व्यक्तिरेखेसारखं सजवलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी गाण्यागणिक कपडे जमवले जायचे. वेशभूषेसाठीचा पहिला फिल्मफेअर त्याच कामाला मिळाला. त्यांच्या आजच्या चमचमत्या लेहेंग्यांपेक्षा मला ते काम मोठं वाटतं. मतभेद असतील, असू देत.

दुकानातल्या फॅशनकडे वळू. १९८७ च्या आधी तुला डिझायनरचा कपडा हवा असता तर जायचं कुठे, हाच प्रश्न होता. लोक कापड घ्यायचे आणि शिंप्याकडे टाकायचे. त्या वर्षी मुंबईत फोर्टला लायन गेटसमोर 'ऑन्सॉम्बल' सुरू झालं, अनेक डिझायनरांचे कपडे एका छताखाली ठेवणारं देशातलं पहिलं दुकान. तरुण ताहिलियानी त्याच्या संस्थापकांपैकी. डिझायनर रोहित खोसला सुरुवातीपासून बरोबर होते. ते १९९४ मध्ये ऐन उमेदीत गेले, म्हणून आजच्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. या सगळ्यांच्या आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस रितू कुमार यांनी कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरच्या ठसेछपाई कारागिरांबरोबर काम सुरू केलं होतं. संग्रहालयातले जुने नमुने बघायचे, त्या पद्धतीचे ठसे पुन्हा कोरून घ्यायचे, विसरलेली जरदोजी कारागिरांकडून पुन्हा करून घ्यायची, अशी त्यांची रीत. आज प्रत्येक ब्रँड 'हस्तकला, पुनरुज्जीवन' म्हणतो, ती वाट त्यांनी पाडली.

बेत शिकायचा असेल तर मात्र तरुण ताहिलियानी. आपल्याकडचे बरेच डिझायनर भरतकामावर जगतात, बेतावर जगणारे मोजकेच. त्यात हे वरचे. त्यांचं मूळ काम म्हणजे साडीची, धोतराची पडण (ड्रेप) शिवलेल्या कपड्यात आणणं. हे समजायला वाचन पुरत नाही, हाताने करावं लागतं. मांजरपाट आण, भिवंडीच्या मागावरचं साधं कोरं कापड ठाण्यात जांभळी नाक्याला मिळून जाईल. एक तुकडा उभ्या धाग्यावर काप, दुसरा उरेब काप, म्हणजे धाग्याला तिरका, कोनात. दोन्ही खांद्यावर टाचणीने टोचून सोड. पहिला तुकडा पुठ्ठ्यासारखा लटकेल. दुसरा अंगाच्या वळणाने खाली उतरेल, थोडा ताणला जाईल, आणि रात्रभर टांगून ठेवलास तर सकाळी त्याची खालची कड वाकडी झालेली असेल. म्हणूनच उरेब कपडा शिवून लगेच खाली दुमडत नाहीत, तो आधी लोंबकळू देतात, मग कड सारखी करतात. चुण्या कुठे शिवायच्या आणि कुठे मोकळ्या सोडायच्या, आतून त्यांना कशाचा आधार द्यायचा, हे एवढं जरी कळलं तरी ताहिलियानींच्या साडीगाऊनचा फोटो तुला वेगळा दिसायला लागेल.

अबू जानी आणि संदीप खोसला यांना लोक 'देवदास'मधल्या माधुरीच्या कपड्यांमुळे ओळखतात. त्या चित्रपटाच्या वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना नीता लुल्ला आणि रझा शरीफी यांच्याबरोबर विभागून मिळाला. पण तू त्यांची चिकनकारी बघ. लखनौची चिकन म्हणजे उन्हाळ्यातला स्वस्त कुर्ता, अशी समजूत घट्ट झाली होती. तिला त्यांनी लग्नाच्या कपड्याच्या पंगतीला बसवलं. चिकन कशी होते ते बघशील तर माझं 'उलटा कर' पुन्हा पटेल. मलमलीवर लाकडी ठशाने कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात. त्यावर टाके पडतात: फंदा, मुर्री, बखिया, जाळी. यातला बखिया हा टाका उलट्या बाजूने भरला जातो, समोरून त्याची नुसती सावली दिसते. जाळीत धागा तोडत नाहीत, सुईने बाजूला सारून घट्ट बांधतात. सगळं झालं की कपडा धुवायला जातो, निळा रंग निघून जातो, उरतं ते पांढऱ्यावर पांढरं. चुकीला लपायला जागाच नाही. जरीत दहा दोष झाकले जातात.

सब्यसाची मुखर्जींबद्दल तू सगळं ऐकलेलं असशील: निफ्टच्या कोलकाता केंद्रातून १९९९ मध्ये बाहेर पडले, 'ब्लॅक'साठी राष्ट्रीय पुरस्कार, नट्यांची लग्नं, २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने ३९८ कोटी रुपयांना ५१ टक्के हिस्सा घेतला. त्यांचा लाल लेहेंगा उल्हासनगरमध्ये आठवड्याभरात हजर होतो, आणि तरी बघताक्षणी नक्कल कळते. गंमत रंगात आहे. नकलेत एकच लाल, एकच सोनेरी, दोन्ही कोरे करकरीत. त्यांच्या कामात दिसणारा लाल हा विटकरी, डाळिंबी, शेंदरी अशा जवळजवळच्या छटांचा मिळून बनतो आणि जरतार मुद्दाम मंद, जुनी दिसणारी असते. त्यामुळे कपडा नवा असून आजीच्या ट्रंकेतून काढल्यासारखा वाटतो. बेतात ते फार प्रयोग करत नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. त्यांची ताकद रंगात, पोतात आणि सगळं एकत्र मांडण्यात आहे. रंग शिकायचा तर त्यांच्या एका फोटोतले सगळे लाल वेगळे करून वहीत रंगवून बघ. आठ-दहा निघतील.

राहुल मिश्रांवर जरा रेंगाळ. कानपूरकडच्या छोट्या गावातून आलेले, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकलेले. २०१४ मध्ये लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय, आणि जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर (हाताने, मापावर बनवलेली उंची फॅशन) आठवड्यात बोलावणं आलेले पहिले भारतीय डिझायनर. त्यांच्या कपड्यावर फुलं, पक्षी, अख्खं रान उभं केलेलं असतं, तेही बारीक हातभरतीत. मला त्यांच्या कामातला महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की धारावीसारख्या वस्तीत दाटीवाटीने बसून काम करणारा कारागीर आपल्या गावी राहून तेच काम करू शकला पाहिजे, हे त्यांनी डिझाइनचाच एक भाग मानलं. आमच्या ठाण्या-मुंबईच्या अड्ड्यांवर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटींवर, बसणारी मुलं बहुतेक पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातली. ट्रेसिंग पेपरवर सुईने भोकं पाडून खाका (नक्षीचा साचा) तयार करतात, घासलेटात कालवलेली पूड त्यावर फिरवतात, नक्षी कापडावर उतरते, मग चार बाजूंना चौघं बसून एकच पदर भरतात. ईद, दुर्गापूजा आली की अड्डा रिकामा होतो आणि आम्ही नवऱ्या मुलींच्या आयांना तारखा समजावत बसतो. भरीव कामाचं स्केच काढायला डिझायनरला एक दुपार लागते आणि ते भरायला महिने लागतात. म्हणून स्केच काढतानाच 'हे कोण भरणार' हा विचार करणारा डिझायनर मला मोठा वाटतो.

पॅरिसचं निघालं तर वैशाली शडांगुळे हे नाव तुझ्या यादीत नसेल तर घाल. विदिशाच्या. जुलै २०२१ मध्ये त्या पॅरिसच्या कुत्यूर आठवड्यात दाखल झाल्या, भारतीय स्त्री डिझायनर म्हणून पहिल्या. भरतकामाच्या वाटेला फारशा न जाता हातमागाच्या कापडाला पीळ, दोऱ्या, घड्या घालून त्या आकार उभा करतात. संजय गर्ग यांचं 'रॉ मँगो' हे लेबल, २००८ पासूनचं, चंदेरीसाठी बघ. हैदराबादचे गौरांग शहा जामदानीसाठी, म्हणजे मागावरच हाताने विणलेल्या नक्षीसाठी. रोहित बल नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. कमळ, मोर, जमिनीवर लोळणारा घेर आणि काश्मीर ही त्यांची खूण. पुरुषांच्या कपड्यात रस असेल तर राघवेंद्र राठोडांचा बंदगळा. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स २०२० मध्ये गेले. भरतकाम जवळपास शून्य, पांढरं सुती-लिनन, सैल बेत, आणि गोव्याच्या कुणबी साडीला पुन्हा उभं केलं. लग्नाच्या बाजारात अडकलेल्या या क्षेत्रात त्यांच्यासारखं काम फार कमी झालं, आणि माझ्या मते आपल्या हवेला सगळ्यात शोभणारं तेच.

अनिता डोंगरे तर तुझ्या पुढच्याच स्टेशनावर आहेत. त्यांच्या कंपनीचं मुख्यालय रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटन ओव्हल मैदानावर त्यांचा ड्रेस घालून क्रिकेट खेळल्या, ती बातमी सगळ्यांना माहीत असते. मला त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी वाटते: रोज ऑफिसला जाणाऱ्या बाईचे कपडे, ठरलेल्या मापांत, शेकडो दुकानांत एकसारखे बसणारे. नवरीचा लेहेंगा एका अंगासाठी बेतला जातो. तयार कुर्ता एका मापात बेतून मग लहान-मोठ्या मापांत चढवावा-उतरवावा लागतो, आणि इथे भलेभले गडबडतात. छाती वाढली म्हणजे मुंढा तेवढाच वाढत नाही, खांदा तर त्याहून कमी. सगळीकडे सारखंच वाढवलं की मोठ्या मापाच्या बाईचा गळा खांद्यावरून घसरतो. लोकलमध्ये दांडी धरायला हात वर केला आणि कुर्ता कमरेपासून वर आला, तर दोष बहुधा मुंढ्याच्या बेताचा असतो. पालघर जिल्ह्यात चारोटीसारख्या गावांत बायकांना शिवण शिकवून तिथेच काम देण्याचा त्यांच्या संस्थेचा उपक्रमही आहे. त्याबद्दल वाचून ठेव.

आपल्या पैठणीचंही या यादीत काही आहे का, असा प्रश्न तुला पडला असेल. मला नेहमी पडतो. २०१० पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, येवल्यात आणि पैठणला विणकर आहेत, अधूनमधून मोठे डिझायनर ती वापरतातही. पण चंदेरी किंवा बनारसी ज्या सहजतेने रॅम्पवर येते तशी पैठणी येत नाही. कारण विणण्यातच आहे. पदरावरचा मोर, मुनिया, आसावली हे वेगवेगळ्या लहान तिल्ल्यांवरचा (धागा गुंडाळलेल्या काड्यांवरचा) धागा हाताने गुंतवून विणलेले असतात. मागे लोंबता धागा राहत नाही, उलटी-सुलटी बाजू जवळपास सारखी. (मशीनवरची ओळखायची खूणही हीच: मागे धाग्यांचं जाळं किंवा कापलेली टोकं दिसतील.) असं कापड कापणं जिवावर येतं आणि कापलं तरी पदराची रचना मोडते. आमच्याकडे आजीची पैठणी घेऊन 'याचा घागरा करा' म्हणून मुली येतात. जुन्या घडीवर रेशीम चिरलेलं असेल तर मी सरळ नाही म्हणते. नुसत्या काठांचं जॅकेट किंवा ओढणी होऊ शकते, पदर अखंड ठेवायचा. पैठणीला न कापता आजच्या मुलीच्या अंगावर कसं आणायचं, हे कोडं अजून कोणी नीट सोडवलेलं नाही. पोर्टफोलिओसाठी विषय शोधत असशील तर हा घे.

परीक्षेचं बोलायचं तर लेखी पेपरात नावं आणि वर्षं विचारतील, ती पाठ कर, त्याला इलाज नाही. पण दुसऱ्या टप्प्यावरच्या सिच्युएशन टेस्टमध्ये हातात कागद, दोरी, तार, कापडाचे तुकडे असं साहित्य मिळतं आणि त्यातून त्रिमितीय वस्तू करून दाखवायची असते. तिथे मांजरपाटाचा सराव कामाला येईल. त्याआधी एका रविवारी लोकलने सीएसएमटी गाठ आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं वस्त्रांचं दालन बघून ये. काचेआडच्या कपड्याच्या दुमडलेल्या कडा आणि शिवणी जमतील तेवढ्या जवळून बघ. आणि निफ्टचा फॉर्म भरताना फॅशन डिझाइनच्या खालचे पर्यायही वाच. टेक्स्टाइल डिझाइनकडे मुली ढुंकून बघत नाहीत. तुला पोत आणि रंग खुणावत असतील, आणि प्रश्नावरून तसं वाटतंय, तर खारघरच्या कॅम्पसला एकदा जाऊन त्या विभागातल्या मुलींशी बोल, मग पसंतीक्रम ठरव.